क्रूरता नेहमी दुसऱ्याचीच दिसते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही शिक्षणासाठी जर्मनीत आहात, तिथल्या राज्यघटनेत प्राण्यांचं संरक्षण लिहिलेलं आहे, आणि सुट्टीत गावी आलात तेव्हा बैलगाडा शर्यती पुन्हा जोरात सुरू झालेल्या दिसल्या. आपला समाज प्राण्यांबाबत इतका निर्दय का, आपला कायदा इतका लेचापेचा का, आणि गावच्या शर्यतीची तक्रार करावी का, असं तुम्ही विचारलं आहे. मी पशुवैद्य आहे. सातारा-सांगलीकडच्या सरकारी दवाखान्यांत नोकरी झाली. शर्यतीच्या बैलांना तंदुरुस्तीचे दाखले दिले, काहींना नाकारले, क्रूरतेच्या खटल्यांत साक्षी दिल्या. त्या अनुभवावरून लिहितो.

पहिल्या प्रश्नातलं गृहीतक मला मान्य नाही. परदेश दयाळू आणि आपण निर्दय, अशी विभागणी प्रत्यक्षात कुठेच सापडत नाही. जर्मनीचंच बघा. २००२ साली तिथल्या घटनेच्या कलम २०-अ मध्ये ‘आणि प्राणी’ एवढे शब्द घातले गेले. यामुळे प्राण्यांना हक्क मिळाले असं नाही, प्राण्यांचं रक्षण हे राज्याचं उद्दिष्ट ठरलं. ही दुरुस्ती नेमकी तेव्हाच का झाली? त्याच वर्षी जानेवारीत तिथल्या घटना न्यायालयाने एका मुस्लिम खाटकाच्या बाजूने निकाल दिला होता. धर्माच्या कारणासाठी जनावर बेशुद्ध न करता कापण्याची परवानगी मिळू शकते, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर मोठा गदारोळ उठला आणि वर्षानुवर्षं रखडलेली दुरुस्ती काही महिन्यांत मंजूर झाली. त्याच देशात अंड्यांच्या जातीच्या कोंबड्यांची नर पिल्लं अंड्यातून बाहेर येताच मारली जात होती. वर्षाला सुमारे साडेचार कोटी. ते थांबायला २०२२ साल उजाडलं. अशी बंदी घालणाऱ्या पहिल्या काही देशांत जर्मनी आहे, आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण घटनेत शब्द आल्यावरही वीस वर्षं ती पिल्लं मरत राहिली, कारण ती बंद दाराआड मरत होती आणि ज्यांचा नाश्ता त्यावर चालायचा ते बहुसंख्य होते.

स्वित्झर्लंडमध्ये लोकांनी सह्या गोळा करून घटनादुरुस्ती मागायची सोय १८९१ साली आली. तिचा पहिला वापर झाला १८९३ मध्ये, बेशुद्ध न करता जनावर कापण्यावर बंदी आणण्यासाठी. त्यात प्राणीमित्र होते, तसेच ज्यूंचा द्वेष करणारेही होते. ब्रिटनमध्ये १८३५ च्या कायद्याने बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ आणि कोंबड्यांच्या झुंजी बंद झाल्या. हे मुख्यतः कामकरी, गरीब माणसांचे खेळ मानले जात. घोड्यावर बसून शिकारी कुत्र्यांकरवी कोल्हा फाडण्याचा उमरावांचा खेळ इंग्लंड-वेल्समध्ये बंद करणारा कायदा आला २००४ साली. मध्ये १६९ वर्षं गेली. आणि स्पेनमधला कॅटलोनिया प्रांत. तिथल्या संसदेने २०१० मध्ये स्पॅनिश पद्धतीच्या बैलझुंजींवर बंदी घातली, पण त्याच वर्षी आपल्या गावजत्रांतल्या ‘कोर्रेबोस’ या बैलांच्या खेळांना कायद्याचं संरक्षण दिलं. त्या खेळात कधी बैलाच्या शिंगांना पेटते गोळेही बांधतात.

या सगळ्या उदाहरणांत मला एकच गोष्ट दिसते. समाज आधी दुसऱ्याची क्रूरता ओळखतो: दुसऱ्या धर्माची, दुसऱ्या वर्गाची, दुसऱ्या प्रांताची. स्वतःच्या ताटातली आणि स्वतःच्या जत्रेतली सगळ्यात शेवटी दिसते. कायदे त्याच क्रमाने होतात. आपल्याकडेही तसंच आहे, फक्त नावं वेगळी.

दयेची परंपरा आपल्याकडे नव्हती असं तर मुळीच नाही. १८३२ साली मुंबईत कंपनी सरकारने उन्हाळ्यात भटकी कुत्री मारण्याचा हुकूम अमलात आणला, तेव्हा पारशी लोक रस्त्यावर उतरले, दंगा झाला, शहराचे व्यवहार ठप्प झाले. त्यातूनच जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने १८३४ मध्ये मुंबईचं पांजरपोळ उभं राहिलं. इंग्लंडमध्ये प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्था निघून तेव्हा दहाच वर्षं झाली होती. म्हणजे दोन्हीकडे साधारण एकाच काळात लोक जागे होत होते. वाटा मात्र वेगळ्या होत्या. तिकडे भर गुन्हा आणि शिक्षेवर होता, इकडे दान आणि आसऱ्यावर. आसऱ्याच्या या वाटेत मोठं मन आहे, पण एक उणीवही आहे. म्हाताऱ्या जनावराला पांजरपोळात चारा मिळतो, पण कामाच्या जनावराचं रोज काय चाललंय हे विचारणारं कुणी नसतं.

आता कायद्याकडे येतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला अधिनियम १९६० चा. त्यासाठी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक मांडून पाठपुरावा केला, आणि पुढे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. कायद्याचं कलम ११ वाचलंत तर थक्क व्हाल. मारणं, लाथाडणं, क्षमतेबाहेर ओझं लादणं, आजारी किंवा जखमी जनावर कामाला जुंपणं, हलताही येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं, उपाशी ठेवणं, सगळं त्यात आहे. क्रूरतेची व्याख्या म्हणून आजही मला त्यात फारशी खोट दिसत नाही.

खोट पुढे आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा केलात तर २५ ते १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. १९६० मध्ये ५० रुपयांना वजन होतं. आज ती रक्कम भरून आरोपी कोर्टातून बाहेर पडतो आणि चहा पितो. त्यातही कलम ११ मधले बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत. मारहाण, अतिवजन यांत पोलिसांना दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही. शिवाय गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांत खटला दाखल झाला नाही तर विषय संपला. एखाद्या तालुक्याच्या ठाण्यात अदखलपात्र नोंद, मग आदेश, मग पंचनामा, मग पशुवैद्याचा अहवाल, हे तीन महिन्यांत बसवणं किती अवघड आहे ते मी जवळून पाहिलंय. दंड वाढवणारा दुरुस्तीचा मसुदा केंद्राने २०२२ मध्ये लोकांसमोर ठेवला होता.

आता शर्यतीचा मुद्दा. न्यायालयीन इतिहास भराभर सांगतो. २०११ मध्ये केंद्राने बैलाला ‘प्रदर्शनास बंदी असलेल्या’ प्राण्यांच्या यादीत घातलं. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू या तमिळनाडूतल्या बैलाच्या खेळाबरोबर महाराष्ट्रातल्या शर्यतीही बंद केल्या. बैल हा ओढकामाचा प्राणी आहे, त्याची शरीररचना घोड्यासारखी पळण्यासाठी नाही, असं त्या निकालात होतं. २०१७ च्या जानेवारीत चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर आंदोलन पेटलं, तमिळनाडूने कायदा बदलला, पाठोपाठ कर्नाटक आणि महाराष्ट्रानेही बदलला. मुंबई उच्च न्यायालयाने आपल्याकडच्या शर्यती अडवल्या, १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. हा खेळ संस्कृतीचा भाग आहे की नाही, हे ठरवणं विधिमंडळाचं काम आहे, असं पीठ म्हणालं. फ्रान्सचा कायदाही जवळपास हेच म्हणतो. तिथे प्राण्यांवरची क्रूरता गुन्हा आहे, पण जिथे बैलझुंजीची अखंड स्थानिक परंपरा आहे तिथे ती वगळली आहे, आणि २०१२ मध्ये तिथल्या घटना परिषदेने ही सवलत कायम ठेवली.

महाराष्ट्राच्या दुरुस्तीत अटी मोडल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्याचा दाखला लागतो, काठी, चाबूक, पराणी (टोचायची अणकुचीदार काठी), विजेचा झटका यांना बंदी आहे. म्हणजे त्याच बैलाला शर्यतीच्या मैदानात टोचलं तर पाच लाख, आणि गावच्या रस्त्यावर टोचलं तर पन्नास रुपये. हा फरक नीट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

शर्यतीचा बैल दाखल्यासाठी समोर उभा केला की मी आधी मागे जातो. शेपटीच्या मुळापासून बोटं फिरवत शेंड्यापर्यंत आणतो. शेपटी पिरगाळून किंवा चावून पळवलेल्या बैलाचा एखादा मणका निसटलेला असतो, तो बोटाला लागतो. मग मागच्या मांड्या आणि पुठ्ठे बघतो. पराणीच्या टोकाच्या जखमा केसांखाली लपतात, पण केस उलटे फिरवले की बारीक खपल्या दिसतात. वेसणीची जागा बघतो, तिथे ओली जखम असेल तर दाखला नाही. मग श्वास मोजतो. शांत उभा बैल मिनिटाला साधारण १५ ते ३० श्वास घेतो. मालक सांगतो, ‘डॉक्टर, आत्ताच टेम्पोतून उतरवलाय, म्हणून धापतोय.’ थांबतो, पुन्हा मोजतो. आमच्याकडच्या मैदानांत गट, सेमी, फायनल अशा फेऱ्या असतात. जिंकत जाणारा बैल एकाच दिवसात, उन्हात, तीनदा जीव तोडून पळतो. पहिल्या फेरीआधीचा दाखला तिसऱ्या फेरीआधीच्या बैलाबद्दल काहीच सांगत नाही. माझ्या मते नियमांतलं सगळ्यात मोठं भगदाड हे आहे: प्रत्येक फेरीआधी तपासणी सक्तीची हवी.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. शर्यतीचा खिल्लार जातीचा बैल हा गावातला सगळ्यात चांगला पोसलेला प्राणी असतो. त्याला खुराक असतो, अंडी-दूध असतं, गोठ्यात पंखा असतो, पोरं दिवसातून दोनदा खरारा करतात. त्याच्या वाट्याचा छळ काही मिनिटांचा आणि तीव्र असतो. तो मी माफ करत नाही, म्हणूनच दाखले नाकारतो आणि त्यासाठी शिव्याही खातो. पण छळाचा हिशेब वर्षभराचा मांडायचा असेल, तर मला शर्यतीच्या बैलाआधी दुसऱ्या बैलाची काळजी वाटते.

तो म्हणजे ऊसतोडीचा बैल. दिवाळीच्या आसपास बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत बैलगाड्या फड ते कारखाना अशा चालत राहतात. उसाची मोळी मोळीवर चढवत गाडी इतकी उंच होते की मागून बैल दिसतच नाहीत. डांबरी उतारावर मागचं वजन बैलांवर येतं, पुढचे पाय घसरतात, नालेची पत्री ठिणग्या उडवते. कारखान्यावर वजनकाट्याला रांग असते, तिथे बैल जुंपलेल्या अवस्थेत तासन्‌तास उभा असतो. खांद्याला आधी गरम, मऊ सूज येते. आम्ही तिला खांदेसूज म्हणतो. या टप्प्यावर आठवडाभर जू काढून ठेवलं, शेक दिला, मलम लावलं तर ती बसते. पण हंगामात जू काढायचं कुणी? मग तिथे पू होतो, किंवा हळूहळू दगडासारखी गाठ बनते. मालक जुवाला पोतं गुंडाळतो, जुन्या ट्यूबचा तुकडा बांधतो आणि गाडी पुन्हा जुंपतो.

१९६५ चे ओढकामाच्या जनावरांचे नियम आहेत. दिवसात ९ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही, तापमान ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही, वजनाची मर्यादाही दिलेली आहे. हे नियम साठ वर्षं जुने आहेत आणि आमच्या पट्ट्यात ते अमलात आलेले मी पाहिले नाहीत. माझ्या माहितीत त्यासाठी कुणी मोर्चा काढला नाही, कुणी याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली नाही. कारण या बैलाच्या खांद्यावरून येणारी साखर आपल्या सगळ्यांच्या डब्यात आहे. तो ऊसतोड कामगार क्रूर आहे असंही नाही. त्याने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. बैल बसला तर खेप बुडते, बैल मेला तर कर्ज वाढतं. मी खांद्याला मलम लावत असताना बैलाच्या मानेवर हात ठेवून रडणारी माणसं पाहिली आहेत, आणि तासाभराने त्यांनी तोच बैल जुंपलेलाही पाहिला आहे. या माणसाला पन्नास रुपये दंड करून बैलाचं काय भलं होणार? जबाबदारी कारखान्यावर टाकली पाहिजे. ज्याच्या वजनकाट्यावर प्रत्येक गाडीचं वजन नोंदलं जातं, त्याला अतिवजन माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही. काट्यावर अतिवजनाची गाडी परत पाठवणं आणि आवारात सावली, पाणी, बैल सोडायला जागा असणं, एवढी सक्ती केली तरी हजारो खांदे वाचतील.

आणि परंपरेचंच म्हणाल तर आपल्या परंपरेला हा खांदा माहीत आहे. पोळ्याच्या किंवा बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात आणि त्याला म्हणतात, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ दुसऱ्या दिवशी त्याला जुंपत नाहीत. जनावराला कुठे दुखतं हे जाणणारा आणि त्या दुखण्यावर विश्रांती हाच उपाय आहे हे मानणारा सण आपल्याकडे आहे. १९६५ च्या नियमांतले ते ९ तास आणि ५ तास याच जाणिवेतून आलेले आहेत. म्हणून परंपरा विरुद्ध कायदा असा सामना लावला जातो, तेव्हा मला तो खोटा वाटतो. शर्यत वाचवण्यासाठी संस्कृतीचं नाव घेणाऱ्यांनी खांदेमळणीचंही नाव घ्यावं, एवढंच माझं मागणं आहे.

आता बंदीने काय साधतं, याबद्दल. बंदीच्या काळात आमच्याकडे शर्यती थांबल्या नव्हत्या. पहाटे, आडरानात, पोलीस येण्याआधी उरकल्या जात होत्या, आणि तिथे ना दाखला होता ना पशुवैद्य. गोव्यातही तेच. धिरयोंवर, म्हणजे तिथल्या बैलझुंजींवर, उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बंदी घातली, तरी सासष्टीत चोरून झुंजी होत राहिल्या. उलट कॅटलोनियाच्या राजधानीत, बार्सिलोनात काय झालं बघा. स्पेनच्या घटना न्यायालयाने २०१६ मध्ये कॅटलोनियाची बंदी रद्द केली, म्हणजे झुंजी पुन्हा भरवायला कायद्याने मोकळीक मिळाली. पण २०११ नंतर तिथे झुंज परत आली नाही, कारण बघायला जाणारे लोकच उरले नव्हते. कायदा गेला तरी मन बदललेलं होतं. आपल्याकडे कायदा आला आणि मन जागच्या जागी राहिलं.

मन बदलतं तेव्हा पोट सांभाळलेलं असतं, हे मी ठामपणे सांगू शकतो. आपल्याकडचं सगळ्यात चांगलं उदाहरण नाचणाऱ्या अस्वलांचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो खेळ बेकायदा ठरला, तरी तीस-पस्तीस वर्षं कलंदर समाजातली माणसं नाकातून दोरी ओवलेली अस्वलं घेऊन फिरत होती. अस्वल सोपवणाऱ्या कुटुंबाला दुसऱ्या धंद्यासाठी पैसे, मुलांना शाळा, असं काम सुरू झालं, आणि २००९ च्या अखेरीस शेवटचं नाचणारं अस्वल सुटलं. दक्षिण कोरियाने जानेवारी २०२४ मध्ये कुत्र्याच्या मांसाचा धंदा बंद करणारा कायदा केला. तोवर तरुण पिढीने ते खाणं जवळपास सोडलेलं होतं, आणि शिक्षा लागू होण्याआधी धंदेवाल्यांना तीन वर्षांची मुदत आणि मदत दिली गेली.

आपल्याकडे बैलाबाबत याच्या उलटं झालं. २०१४ मध्ये शर्यत बंद, २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी, आणि त्याच काळात ट्रॅक्टर घराघरांत. शेतकऱ्याने बैल ठेवायचा कशासाठी आणि थकल्यावर द्यायचा कुठे, याचं उत्तर दोन्हींपैकी एकाही निर्णयात नव्हतं. गोशाळा भरल्या. रात्री रस्त्यावर सोडलेली खोंडं अपघातात पाय मोडून आमच्या दवाखान्यात आली. प्राण्यांच्या भल्यासाठी केलेल्या नियमाने प्राणीच बेवारस होत असतील, तर त्या नियमाबरोबर चारा, निवारा आणि पैशाची तरतूदही आली पाहिजे.

तुमचा शेवटचा प्रश्न: तक्रार करावी का? जरूर करा, पण नीट करा. शर्यतीला परवानगी आहे का, हे आधी तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. परवानगी नसेल किंवा काठी, पराणी, विजेचं यंत्र वापरलं जात असेल, तर तक्रारीत राज्याच्या दुरुस्तीचा उल्लेख करा, नुसत्या कलम ११ चा नको, कारण दंडातला फरक तुम्ही वर वाचलाच. चित्रीकरणात तारीख, वेळ, जागा ओळखू येईल असं काही, आणि बैलाच्या कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक आला पाहिजे. ‘बैलाला मारलं’ एवढ्यावर खटला उभा राहत नाही. कुठला बैल, हे सिद्ध करावं लागतं. जनावर मेलं असेल किंवा कायमचं जायबंदी झालं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लावायला सांगा. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि तो गुन्हा दखलपात्र आहे. जखमेची तपासणी त्याच दिवशी सरकारी पशुवैद्याकडून करून घेण्याचा आग्रह धरा, कारण पराणीची जखम आठवडाभरात भरते. प्रत्येक जिल्ह्यात प्राणिक्लेश प्रतिबंधक सोसायटी असायला हवी आणि तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. तक्रारीची एक प्रत तिथे द्या, आणि तीन महिन्यांची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आणि गावी परत याल तेव्हा हंगाम असेल तर एकदा कारखान्याच्या गेटवर संध्याकाळी उभ्या राहा. तिथल्या गाड्यांचीही तक्रार करा. कारखान्याकडे माहिती अधिकारात विचारता येत नसेल तर साखर आयुक्तालयाकडे आणि पशुसंवर्धन विभागाकडे विचारा: गेल्या हंगामात अतिवजनाच्या किती बैलगाड्या परत पाठवल्या, आवारात जनावरांसाठी पाण्याची काय सोय आहे, पशुवैद्य किती वेळा आला. हे प्रश्न लेखी विचारणारी माणसं फार थोडी आहेत. तुम्ही अर्ज केलात तर मसुदा तपासून द्यायला मी तयार आहे.